डोडोची हाडं कुणी शोधली?

मॉरिशसला पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते. समुद्रकिनारा, गंगा तलाव, आप्रवासी घाट. मी त्यांना आणखी एक नाव सुचवतो : पोर्ट लुईचं नॅचरल हिस्टरी म्युझियम. "मेलेले पक्षी काय बघायचे?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचं उत्तर थोडं लांब आहे, म्हणून इथे लिहितो.

हा संग्रह १८८० साली स्थापन झालेल्या मॉरिशस इन्स्टिट्यूटचा. त्यात इथल्या निळ्या कबुतराचा पेंढा भरलेला एक नमुना आहे. हा पक्षी नामशेष झाला आणि जगात त्याचे फक्त तीन नमुने उरले : एक पॅरिसला, एक एडिंबरोला आणि एक आपल्याकडे. पण खरा मानकरी अर्थातच डोडो.

डच खलाशी १५९८ मध्ये इथे उतरले आणि डोडो जगाला माहीत झाला. तो जमिनीवर घरटं करायचा. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी, माकडांनी त्याची अंडी-पिल्लं ठेवली नाहीत. १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. गंमत म्हणजे पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याआधी, १६३० च्या सुमारास, सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. म्हणजे आपले पूर्वज इकडे येण्याच्या दोनशे वर्षं आधी डोडो तिकडे पोचला होता!

पुढे तर असा पक्षी खरंच होता का, अशी शंका लोक घेऊ लागले. माहेबूरचे शाळामास्तर जॉर्ज क्लार्क मात्र वर्षानुवर्षं त्याची हाडं शोधत होते. १८६५ मध्ये रेल्वेचे इंजिनिअर हिगिन्सन यांना मार-ओ-साँज नावाच्या दलदलीजवळ काही मजूर दिसले. माती काढता काढता ते हाडं निवडून त्यांचे ढीग लावत होते. ही बातमी क्लार्कना कळली. त्यांनी माणसांना कमरेएवढ्या पाण्यात उतरवलं आणि अनवाणी पायांनी चिखल चाचपायला लावला. पायाला हाड लागलं की वर काढायचं! ती हाडं लंडनला गेली आणि १८६६ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांवर ग्रंथ लिहिला. जगातल्या म्युझियममधले बहुतेक सांगाडे याच दलदलीतले, वेगवेगळ्या पक्ष्यांची हाडं जोडून केलेले.

पोर्ट लुईचा सांगाडा वेगळा आहे. तो एकाच पक्ष्याचा, जवळजवळ पूर्ण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शोधला एतिएन थिरियू यांनी. हे गृहस्थ कुणी प्रोफेसर नव्हते, न्हावी होते. धंदा सांभाळून डोंगरकपारीत हिंडायचे. डोडोच्या गुडघ्याच्या वाट्यांसारखी बारीक हाडंसुद्धा त्यांनी जपली. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी लेझर स्कॅनिंग करून डोडोच्या शरीराचा जो सविस्तर अभ्यास छापला, तो त्यांच्याच सांगाड्यांवर.

मास्तरांचं नाव राहिलं, इंजिनिअरचं राहिलं, न्हाव्याचंही राहिलं. चांगलंच झालं. पण दलदलीतल्या त्या मजुरांसाठी हिगिन्सनच्या आठवणीत एकच शब्द आहे : 'कुली'. त्या काळी या बेटावर तो शब्द कुणासाठी होता, हे आपल्याला सांगायला नको. १८६५ मध्ये इथले निम्म्याहून जास्त लोक हिंदुस्थानातून आलेले होते. त्यांत मुंबई बंदरातून जहाजात चढलेली आपली कोकणातली माणसंही होती. मोक्याच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळचे दस्तऐवज आहेत. तिथे मजुराचं नाव, गाव, नंबर सापडतो. डोडोच्या गोष्टीत तेवढंही सापडत नाही.

आपण पूर्वजांची आठवण काढतो ती उसाच्या मळ्यांपुरती. त्यांनी दगड फोडले, ऊस तोडला, हे खरंच आहे. पण क्लार्क त्या दलदलीपाशी पोचायच्या आधीच हाडं मातीतून वेगळी करून ठेवणारी नजरही याच माणसांची होती. शास्त्राच्या इतिहासात हे छोटं काम नाही.

तेव्हा मुलांना डोडो दाखवाल तेव्हा क्लार्क आणि थिरियू यांच्याबरोबर त्या अनवाणी पायांचीही गोष्ट सांगा. नावं नसली म्हणून काय झालं, गोष्ट तर आपल्याकडे आहे.