कोळशाच्या गावातली हिमाद्री

आर्क्टिकमधल्या न्यू-ओलसुंद गावात उतरलो तेव्हा आधी दिसलं ते बुटकं वाफेचं इंजिन. रुळावर दोन-तीन वाघिणी घेऊन उभं, जणू शिट्टी झाली की निघेल. मी वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून आलेला. मनात बर्फ, हिमनद्या, उपकरणं. कोळसा डोक्यातच नव्हता.

पण हे गाव वसलं ते कोळशासाठी. 1916 मध्ये नॉर्वेची किंग्ज बे कंपनी स्थापन झाली आणि तिने इथे खाणकाम सुरू केलं. 1926 च्या मे महिन्यात आमुंडसेनचं 'नोर्गे' हे हवाई जहाज इथूनच ध्रुवाकडे झेपावलं; ते बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. खाण मात्र माणसं गिळत राहिली. 5 नोव्हेंबर 1962 च्या स्फोटात 21 कामगार गेले. खाण बंद पडली आणि पुढच्या वर्षी ओस्लोतलं सरकारही कोसळलं.

मग शास्त्रज्ञ आले. 1 जुलै 2008 ला भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र इथे सुरू झालं, 79 अंश उत्तरेच्या जरा अलीकडे.

इथे दाराला कुलूप लावत नाहीत. अस्वल आलं तर जे दिसेल त्या घरात घुसायचं. उन्हाळ्यात मात्र खरी दहशत सुरय पक्ष्यांची. घरट्याजवळ गेलात की थेट टाळूवर चोच! म्हणून मी काठी डोक्यावर उंच धरून चालतो. ते काठीच्या टोकावर तुटून पडतात.