सभागृहातली कैची

प्रार्थनेला बसलो की जुन्या सभागृहाच्या छपराकडे नजर जायची. कौलांखाली लाकडी त्रिकोण आणि त्याच्या मधोमध खांब. आडव्या तुळईवर उभा राहून हा खांब छप्पर तोलतो, असे दहावीपर्यंत मला वाटे. इंजिनिअरिंगला गेल्यावर कळले, तो उभा नाही, टांगलेला आहे!

या त्रिकोणाला कैची म्हणतात. कौलांच्या भाराने दोन तिरप्या तुळया फाकून भिंतींना बाहेर रेटू पाहतात. आडवी तुळई त्यांना बांधून ठेवते. ती मध्ये झुकू नये म्हणून शेंड्याला टांगलेला खांब तिला उचलून धरतो.

युक्ती फार जुनी आहे. सिनाईच्या सेंट कॅथरीन मठावर सहाव्या शतकातल्या लाकडी कैच्या आजही आहेत. दालन रुंद असेल तर एकाऐवजी दोन खांबांची कैची करतात. एकोणिसाव्या शतकात लोखंड आले आणि अल्बर्ट फिंक यांच्या नावाची कैची कारखान्यांच्या पत्र्यांखाली गेली. त्याच शतकात, १८६५ साली, बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. आपल्या छपरावर त्याच घाटाची कौले आहेत.

आता आपल्या वर्गणीतून सभागृहाची दुरुस्ती होणार आहे. आडव्या तुळया प्रोजेक्टरच्या आड येतात, त्या कापाव्यात, अशी सूचना आली आहे. मित्रमैत्रिणींनो, पडदा दोन फूट खाली घेऊ; पण तुळईला करवत लावू नका. भिंती तिनेच धरून ठेवल्या आहेत.