वर्तुळाचे सात भाग

अर्धापूरच्या आसमंतांतील केळीच्या बागा प्रसिद्ध आहेत. त्या बागांना पाणी देणाऱ्या पंपाच्या नळाकडे ज्यानें लक्ष देऊन पाहिलें असेल, त्याला नळाच्या तोंडाशीं बसविलेली एक जाड लोखंडी चकती आठवेल. कारागीर तिला फ्लँज म्हणतात. तिच्या कडेनें चार किंवा आठ भोंकें समान अंतरावर पाडलेलीं असतात. दुसऱ्या नळाची चकती तिच्यावर टेकविली म्हणजे प्रत्येक भोंकासमोर भोंक आलें पाहिजे. एक जरी जागा चुकली तरी बोल्ट शिरत नाहीं, आणि ठोकून शिरविला तर सांधा गळूं लागतो. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तिच्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि सहसा येत नाहीं.

चकतीवर वर्तुळ काढणें सोपें; त्याचे सारखे भाग पाडणें अवघड. सहा भोंकें हवीं असतील तर कैवार त्रिज्येइतका उघडावा आणि परिघावरून पावलें टाकीत न्यावा. सहावें पाऊल बरोबर आरंभबिंदूवर पडतें. चारांसाठीं एक व्यास व त्यावर काटकोनांत दुसरा व्यास पुरे होतो. सहांचे बारा आणि चारांचे आठ करावयाचे तर प्रत्येक भाग दुभागला कीं झालें. पण सात करावयाचे झाले म्हणजे काय? जुना कारागीर अंदाजानें कैवार उघडतो, सात पावलें टाकतो, शेवटचें पाऊल पुढें गेलें कीं मागें राहिलें तें पाहतो, कैवार किंचित् मिटवितो किंवा उघडतो, व पुन्हा फिरतो. प्रत्येक पावलांतील केसाएवढी चूक सातव्या पावलाला सातपट होऊन समोर उभी राहते. म्हणूनच ही रीत वेळखाऊ असली तरी आपली चूक आपणच सांगणारी आहे.

या कामाचें दुसरें उत्तर भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें 'लीलावती'त लिहून ठेविलें आहे. त्यांच्या विज्जडविड गांवाच्या स्थानाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. मात्र चाळीसगांवजवळच्या पाटण येथें त्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, हें तेथील शिलालेखावरून सिद्ध आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो लेख प्रकाशांत आणिला.

लीलावतींतील रीत अशी : वर्तुळाचा व्यास एका ठराविक अंकानें गुणावा आणि एक लक्ष वीस हजारांनीं भागावा, येईल ती वर्तुळांत बसणाऱ्या समभुज आकृतीची बाजू. तीन बाजूंसाठीं अंक १०३९२३, चारांसाठीं ८४८५३, पांचांसाठीं ७०५३४, सहांसाठीं ६००००, सातांसाठीं ५२०५५, आठांसाठीं ४५९२२ आणि नवांसाठीं ४१०३१. ही बाजू म्हणजेच कैवार किती उघडावयाचा तें माप. भोंकांच्या वर्तुळाचा व्यास ३०० मिलिमीटर असेल व भोंकें पांच असतील, तर कैवार १७६.३ मिलिमीटर उघडावा. चांचपडण्याचें कारण नाहीं.

आजच्या गणितानें हे अंक तपासून पाहिले तर मोठी मौज दिसते. तीन, चार, पांच, सहा व आठ यांचे अंक जवळजवळ शेवटल्या आंकड्यापर्यंत बरोबर आहेत. सातांचा अंक मात्र ५२०६६ हवा होता, आणि नवांचा ४१०४२. दोन्ही ठिकाणीं तूट अकराचीच. नेमक्या ह्याच दोन संख्या कां चुकाव्या? तीन, चार, पांच, सहा व आठ यांच्या बाजू वर्गमुळांच्या साह्यानें हव्या तितक्या सूक्ष्म काढतां येतात. सात व नऊ यांच्या तशा निघत नाहींत. वर्गमुळांनीं म्हणजे पट्टी व कैवार यांनीं वर्तुळाचे कोणते भाग होऊं शकतात, याचा विचार जर्मन गणिती गाउस यानें १७९६ मध्यें सतरा भाग साधून दाखविले तेव्हांपासून पुढें आला, आणि सात व नऊ यांची अशक्यता फ्रान्समध्यें वांत्झेलनें १८३७ मध्यें सिद्ध केली. भास्कराचार्यांच्या अंकांतील ती लहानशी तूट ह्या अडचणीच्या जागींच पडली आहे.

तथापि कारखान्यांत ती तूट कोणाला जाणवणार नाहीं. ३०० मिलिमीटरच्या वर्तुळावर सातव्या पावलाअखेर फरक सुमारें एक-पंचमांश मिलिमीटर पडतो, नवव्या पावलाअखेर पाव मिलिमीटरच्या किंचित् वर. बोल्टापेक्षां भोंक मोठेंच पाडतात, त्या मोकळिकींत तो सहज जिरतो. याच ग्रंथांत कोणत्याहि कंसाची जीवा काढण्याची दुसरी, स्थूल रीतहि दिली आहे. ती दिसावयास सुबक आहे. पण तिनें अकरा भोंकें आंखलीं तर शेवटचें पाऊल आरंभाच्या पुढें सुमारें पांच मिलिमीटर जाईल. आचार्य स्वतःच तिला स्थूल म्हणतात, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

ही विद्या आमच्या गोदाकांठींहि जिवंत होती. नांदेडच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या परिसरांत पार्थपूर, म्हणजे आजची पाथरी, येथें ज्ञानराजानें सोळाव्या शतकाच्या आरंभीं 'सिद्धांतसुंदर' रचिला, आणि त्याचा पुत्र सूर्यदास यानें लीलावतीवर 'गणितामृतकूपिका' ही टीका लिहिली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १५४५ मध्यें, कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें 'बुद्धिविलासिनी' लिहिली. १५८७ मध्यें फैजीनें अकबराच्या आज्ञेवरून लीलावती फारशींत आणिली. टेलरचें इंग्रजी भाषांतर १८१६ मध्यें मुंबईस छापलें गेलें.

मग हे सात अंक लोहाराच्या व तांबटाच्या हातीं कां पडले नसावेत? लीलावतीला कारागिराचें वावडें नव्हतें. तींत विहिरीचें खोदकाम आहे, विटांची रास आहे, लांकूड कापणाऱ्या करवत्याचा हिशेब आहे, सोन्याचा कस आहे. 'सिद्धांतशिरोमणी'च्या यंत्राध्यायांत तर धातूच्या किंवा लांकडाच्या चक्राच्या कडेवर अंश आंखून तें सांखळीनें टांगावयास सांगितलें आहे. आणि पाऱ्यानें अर्ध्या भरलेल्या पोकळ आऱ्या सारख्या अंतरावर बसवून आपोआप फिरणारें चाकहि वर्णिलें आहे. तें चाक फिरणार नाहीं, हें आज शाळेंतला मुलगाहि सांगेल. पण समान अंतराचा आग्रह तेथेंहि आहे. म्हणजे आचार्यांना घडविणारा हात ठाऊक होता. परंतु ग्रंथ संस्कृत श्लोकांत होता, टीका शास्त्र्यांसाठीं होत्या, आणि भात्याशीं बसलेल्या माणसाची विद्या बापाच्या हातून मुलाच्या हातांत जात होती. दोघांच्या मधला उंबरठा दोन्ही बाजूंनीं ओलांडला गेला नाहीं, असें माझें मत आहे; आणि त्यांत अधिक दोष पोथी बाळगणाऱ्यांचा, कारण देण्यासारखें त्यांच्याजवळ होतें.

अखेर हे अंक कारखान्यांत आले ते विलायती हस्तपुस्तकांतील कोष्टकांतून. तीनांसाठीं ०.८६६०, चारांसाठीं ०.७०७१, पांचांसाठीं ०.५८७८, सातांसाठीं ०.४३३९ : व्यासाला यानें गुणा व डिव्हायडर तितका उघडा, असें तेथें सांगितलेलें असतें. भास्कराचार्यांच्या अंकांना एक लक्ष वीस हजारांनीं भागून पाहावें, सातांपुढें ०.४३३८ येतें, बाकीचे जसेच्या तसे. आणि नळांच्या चकत्यांवर सात भोंकें सांपडतहि नाहींत. त्यांची संख्या चारांच्या पटींत ठेवण्याचा प्रघात पडला आहे, चार, आठ, बारा, सोळा. म्हणजे पंपाचें तोंड कोणत्याहि चार दिशांना फिरविलें तरी भोंकें जुळतात, आणि आंखणाऱ्याला दोन व्यासांपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं.