थुनेरचा शंकू कुठे गेला?

नागपूरलगतच्या टाकळीच्या खडकांत मिळालेल्या एका अश्मीभूत शंकूमुळे मी बिरबल साहनींकडे वळलो. १९३१ साली त्यांनी त्याला ‘टाकलिओस्ट्रोबस’ हे नाव दिले आणि टाकळीचे नाव जगाच्या वनस्पतिशास्त्रात गेले. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माझ्यासारख्याला एवढे निमित्त पुरे झाले. मिळेल ते वाचत गेलो आणि १९२० सालच्या त्यांच्या एका निबंधापाशी थांबलो. त्याचा विषय होता शंकू नसलेले झाड.

हे झाड म्हणजे यू. गढवालमध्ये त्याच्या भाऊबंदाला थुनेर म्हणतात. पाइन, देवदार, सायप्रस यांच्या गटाला मराठीत दोन नावे आहेत: पानांवरून ‘सूचिपर्णी’ आणि बीजांच्या मांडणीवरून ‘शंकुमंत’. थुनेर पहिल्या नावात सहज बसतो, दुसऱ्यात नाही. त्याचे एकुलते बीज आखूड फांदीच्या टोकाला, लाल मांसल पेल्यात बसलेले असते. खवले नाहीत, शंकू नाही.

तिशीही न गाठलेल्या साहनींनी या बीजाची अंतर्रचना तपासली. तीत त्यांना पुराजीव महाकल्पातील बीजांशी मिळतीजुळती लक्षणे दिसली. म्हणून यू, टोरेया आणि सेफॅलोटॅक्सस यांना शंकुमंतांतून काढून ‘टॅक्सेलीझ’ असा स्वतंत्र गण मानावा, असे त्यांनी मांडले.

या मताला पुढे मोठे बळ मिळाले. स्वीडनच्या रुडॉल्फ फ्लोरिन यांनी सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून दाखवले, की पाइनच्या मादी शंकूतला बीज वाहणारा प्रत्येक खवला ही आखडत, चपटी होत गेलेली फांदी आहे. अशा शंकूतून यूचे टोकाचे एकटे बीज निघू शकत नाही, असे मानून १९४८ साली त्यांनीही यूला वेगळे ठेवले. सेफॅलोटॅक्ससला मात्र शंकुमंतांतच राहू दिले.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या नियतकालिकात मी हे सगळे अंतिम सत्य म्हणून लिहिले. एका भारतीयाने युरोपीय वर्गीकरण बदलले, याचा अभिमान त्या लेखात ओळीओळीत होता. पुढची पन्नास वर्षे मी वाचलीच नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या तुलनेने वंशवृक्ष नव्याने मांडला गेला. त्यात पाइनचे कुल आधीच वेगळे झालेले दिसते आणि यूचे कुल सायप्रसच्या कुलाशेजारी येते. म्हणजे सायप्रसला पाइनपेक्षा यू जवळचा. यूला शंकुमंतांबाहेर काढायचे, तर शंकू धरणारा सायप्रसही बाहेर काढावा लागेल. त्यापेक्षा यूच्या पूर्वजांना शंकू होता आणि तो पुढे झिजत नाहीसा झाला, असे मानणे सयुक्तिक ठरते. सायप्रसच्याच कुलातल्या जुनिपरकडे पाहावे: त्याच्या शंकूचे खवले मांसल होऊन जुळतात आणि तो बोरासारखा दिसतो. शंकू इतका बदलतो, तर लोपूही शकतो.

साहनींनी पाहिले ते खोटे नव्हते. यूचे बीज आजही फांदीच्या टोकालाच येते. चूक होती ती साधी रचना मूळचीच साधी असणार, असे धरण्यात. ती दुरुस्त करायला साहनी राहिले नाहीत. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौला त्यांच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला बसली आणि आठवडाभरात ते गेले. डीएनएची रचना उलगडायला अजून चार वर्षे होती.

माझ्यापाशी ती सबब नाही, म्हणून ही दुरुस्ती.

आणि हा हिशेबही पुरा झालेला नाही. सह्याद्रीत नीटम नावाची महावेल वाढते. तिची पाने आंब्याफणसासारखी रुंद. सूचिपर्णी म्हणावे असे तिच्यात काही नाही. तरी अनेक जनुकीय अभ्यासांत तिचा गट पाइनच्या कुलाशेजारी येतो. सगळ्यांना ते मान्य नाही. मान्य झाले, तर ही वेलसुद्धा शंकुमंतांच्या घरात घ्यावी लागेल. या वेळी मी घाईने लेख लिहिणार नाही.