नगरच्या मातींतील दोन तृणें

कोणत्याहि जिल्ह्याचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे किल्ले, लढाया आणि राजवंश यांचीच आठवण प्रथम होते. अहमदनगर जिल्ह्याविषयीं तर हें विशेषच खरें आहे. मलिक अहमदानें इ.स. १४९० त शहर वसविलें, तेथपासून निजामशाहीची कथा शाळेंतील मुलांसहि ठाऊक असते. २०२४ सालीं जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्यासहि इतिहासाचाच आधार आहे. परंतु येथील सामान्य कुटुंबाचें सुखदुःख राजांच्या तरवारीपेक्षां गवताच्या काडीवर अधिक अवलंबून राहिलें आहे, असें आम्हांस वाटतें.

ऊस हें गवतच आहे, ही गोष्ट आपण सहसा विसरतों. वनस्पतिशास्त्रज्ञ ऊस, ज्वारी, सुगंधी मुळांचा वाळा आणि माळावरील मारवेल, कुसळी, पवन्या या सर्वांस तृणकुलाच्या एकाच शाखेंत बसवितात. उष्ण कटिबंधांतील प्रखर उन्हाचें अन्न करण्याची शक्ति या सर्वांच्या अंगीं आहे. तेव्हां प्रवरेच्या कालव्याकांठचा पुरुषभर उंचीचा ऊस आणि पारनेरच्या टेकडीवरचें गुडघाभर गवत हीं चुलत भावंडें होत. मात्र दोघांचें नशीब अगदीं निराळें निघालें.

थोरल्याची हकीकत प्रथम पाहूं. १८७६-७७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं दख्खनची दैना केल्यावर कालव्यांच्या योजनांस जोर आला. अकोलें तालुक्यांत प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचें काम १९१० त सुरू झालें, आणि १९२६ च्या डिसेंबरांत मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं त्याचें उद्घाटन केलें. हेतु असा कीं, पाऊस चुकला तरी ज्वारी-बाजरी वांचावी. परंतु पाणी पैशाच्या मागें जातें, आणि पैसा उसांत होता. पुढें लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं सहकारी साखर कारखाना उभा राहून त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ त झाला. कर्जबाजारी शेतकरी कारखान्याचा भागीदार झाला, ही सामान्य क्रांति नव्हे. या तृणाचा कोणताहि भाग वायां जात नाहीं: रसाची साखर व गूळ, चोथ्याचें जळण, मळीचा मद्यार्क, वाढ्यांचा चारा.

तथापि या वैभवाची किंमतहि मोजली पाहिजे. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतांत उभा राहून पाणी पितो, आणि तेंहि जेथें पुष्कळ भागांत वर्षास पांच-सहाशें मिलिमीटरच पाऊस पडतो, तेथें! अति पाण्यानें कालव्याखालच्या कित्येक जमिनी चोपण होऊन नापीक झाल्या.

आतां धाकट्याकडे वळूं. त्याच्या नांवानें ना धरण झालें, ना कारखाना. मराठेशाहींत घोड्यांसाठीं राखीव कुरणें असत. तेवढाच मान त्यास मिळाला. पण त्याचें काम मोठें आहे. पावसाचा थेंब उघड्या मुरुमावर पडला म्हणजे माती घेऊन ओढ्यास जातो. गवतावर पडला म्हणजे मुळांच्या वाटेनें जमिनींत मुरतो व विहिरीस येतो. गुरांस चारा आणि छपरास शाकार मिळतो तो निराळाच. चराई मोकाट झाली म्हणजे गोड मारवेल प्रथम नाहींसें होतें व कुसळी माजते. तिचीं कुसळें दमट हवेंत पीळ सोडून स्क्रूसारखीं मेंढीच्या लोकरींतून कातडींत शिरतात. शेवटीं तीहि जाऊन दगड उरतात.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार याच अवस्थेस पोहोंचलें होतें. १९८९ त पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गांवानें चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, डोंगरउतारावर समपातळी चर खणले, आणि गवत चारावयाचें नाहीं, कापून न्यावयाचें, असा नियम केला. २००० सालीं सुमारें १०० टन असलेलें गवत २००४ त ६,००० टनांवर गेलें, असे आंकडे प्रसिद्ध झाले आहेत. आणि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, विहिरींस पाणी आल्यावरहि या गांवानें ऊस वर्ज्य ठेवला.

याच्या उलट चित्र २०१३ व २०१९ च्या टंचाईंत दिसलें. जिल्ह्यांत चारा-छावण्या उघडल्या, आणि त्यांत गुरांपुढें टाकला गेला तो ऊस! माळावरचें फुकटचें गवत राखलें नाहीं, म्हणून कालव्याचें मोलाचें पाणी पिऊन वाढलेलें गवत दावणींत घालावें लागलें.

उसाचा द्वेष करावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें अनेक घरें उभीं केलीं आहेत. परंतु एका भावंडास सर्व पाणी पाजावयाचें व पाणी मुरविणाऱ्या दुसऱ्यास तुडवावयाचें, हा संसार फार दिवस चालणारा नव्हे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें मारवेलाच्या सुधारलेल्या जाती दिल्या आहेत. बांधावर लावलेला वाळाहि खोल मुळांनीं माती धरून ठेवतो. साधनें हाताशीं आहेत. प्रत्येक गांवानें आपल्या डोंगराचा एक भाग पावसाळ्याचे चार महिने गुरांस बंद ठेवला, तरी आरंभास तेवढें पुरे आहे.