स्नेह आणि शिशिर : पश्चिम भारतातील त्वचारक्षणाची परंपरा

दख्खनच्या पठारावर मार्गशीर्ष लागला की उत्तर-ईशान्येकडचा कोरडा वारा सुरू होतो, हवेतील दमटपणा ओसरतो आणि पावसाळाभर ओलाव्याला सरावलेली त्वचा काही दिवसांतच खरखरीत होऊ लागते. या अवस्थेसाठी मराठीत नेमके शब्द आहेत : ओठ उलतात, गाल फुटतात, टाचांना भेगा पडतात, आणि तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी होऊन चरचरते. हातापायांना निदान वस्त्राचे आवरण असते. चेहरा मात्र उघडा असतो, त्याची त्वचा पातळ असते आणि तो दिवसातून अनेकदा धुतला जात असल्यामुळे थंडीचा पहिला घाव त्याच्यावर बसतो. या घावावरील उपायांचा इतिहास सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात मिसळून सांगितला जातो. वस्तुतः तो ऋतूशी जुळवून घेणाऱ्या घरगुती आरोग्यव्यवहाराचा इतिहास आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी ‘स्नेह’ ही संकल्पना आहे.

आयुर्वेदात स्नेह म्हणजे तेल, तूप, वसा आणि मज्जा हे चार स्निग्ध पदार्थ. इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत घडत गेलेल्या चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ऋतुचर्येचे, म्हणजे ऋतूनुसार बदलणाऱ्या आहारविहाराचे, जे विवेचन आहे, त्यात हेमंतासाठी अंगाला तेल लावणे, डोक्यावर तेल घालणे, उटणे लावणे आणि उबदार जागी राहणे सांगितले आहे. हेमंतामागून येणाऱ्या शिशिरासाठी हाच क्रम कायम ठेवताना या ऋतूत थंडीच्या जोडीला रूक्षता, म्हणजे कोरडेपणा, वाढतो असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच ग्रंथात अभ्यंगाचे, म्हणजे तेल लावून अंग चोळण्याचे, फळ समजावण्यासाठी तेल मुरलेला घडा, तेल चोपडलेले चामडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस असे तीन दृष्टांत दिले आहेत. तिन्ही वस्तू रोजच्या वापरातल्या आहेत आणि तिन्हींचा रोख एकच आहे : स्नेहामुळे वस्तू तडकत नाही, तिला झीज सोसता येते.

चेहऱ्यापुरता विचार करायचा तर वाग्भटाचे अष्टांगहृदय अधिक महत्त्वाचे ठरते. सुमारे सातव्या शतकातील या ग्रंथाच्या सूत्रस्थानात, बाविसाव्या अध्यायात, मुखलेपाचे स्वतंत्र विवरण असून सहा ऋतूंसाठी सहा लेप दिले आहेत. हेमंतातील लेपात बोराच्या आठळीतील गर, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी आहे, तर शिशिरातील लेपात डोरलीच्या वर्गातील वनस्पतीचे मूळ, काळे तीळ, दारुहळदीची साल आणि टरफल काढलेले जव आहेत. मोहरी आणि तीळ यांमुळे हे लेप आपोआप स्निग्ध होतात. मात्र मोहरी तिखट असल्यामुळे आधीच सोलवटलेल्या नाजूक त्वचेला ती झोंबू शकते, हेही लक्षात घ्यावे लागते. घटकांपेक्षा मोलाचा आहे तो लेपाचा विधी. लेप चेहऱ्यावर वाळू देऊ नये, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. तो काढताना आधी ओला करावा आणि काढून झाल्यावर चेहऱ्याला स्नेह लावावा, असा वाग्भटाचा दंडक आहे. लेप असताना बोलणे, रागावणे, विस्तवाजवळ किंवा उन्हात बसणे त्याने वर्ज्य ठरवले आहे. उष्णतेमुळे लेप लवकर सुकतो आणि चेहऱ्याच्या हालचालीमुळे त्वचा ओढली जाते, हे पाहिले म्हणजे या निषेधांमागचे निरीक्षण किती सूक्ष्म होते ते कळते.

याच परंपरेतील शतधौत घृत हा आणखी एक बोलका योग आहे. तूप तांब्याच्या भांड्यात घेऊन त्यात पाणी घालायचे, ते फेटायचे, पाणी ओतून टाकायचे आणि ही कृती शंभर वेळा करायची, असा त्याचा विधी असून शेवटी तुपाचा पिवळसर रंग व वास जाऊन पांढरा, मऊ, गार मलमासारखा पदार्थ उरतो. दाह होणाऱ्या त्वचेवर तो लावला जाई. दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गेलन या वैद्याच्या नावावर नोंदलेले मलमही मधमाशीचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून होत असे, आणि त्यातील पाणी उडताना त्वचेला गारवा मिळतो म्हणूनच त्याच्या युरोपीय वंशजाला पुढे ‘कोल्ड क्रीम’ हे नाव पडले. स्निग्धात पाणी कोंडून ठेवण्याची एकच युक्ती दोन दूरच्या संस्कृतींनी साधली होती.

महाराष्ट्रातील घरांत हा विचार ग्रंथांतून कमी आणि सणांतून अधिक टिकला. आश्विन वद्य चतुर्दशीला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे कोमट तेलाने अंग रगडून, उटणे लावून ऊन पाण्याने करायचे अभ्यंगस्नान थंडीच्या तोंडावर येते, आणि त्यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. तेल आधी लागते, जास्तीचे तेल उटण्याच्या पुडीने निघते आणि त्वचेत मुरलेले तेल मागे राहते. रोजच्या व्यवहारात साबणाची जागा मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाने घेतलेली असे, आणि फुटलेल्या गालांवर दुधाची साय किंवा तुपाचे बोट फिरवले जाई. अर्थात साय आणि तूप ज्यांच्या घरी दुभते त्यांच्यासाठी. इतरांचा आधार त्या त्या भागात पिकणारे तेल हाच होता. देशावर तीळ व करडई, तर किनाऱ्यावर खोबरेल. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, त्यामुळे बाटलीतले तेल गोठले की थंडी पडली, ही खूण घराघरांत ओळखीची आहे.

कोकण आणि गोवा यांनी या परंपरेत घातलेली सर्वांत स्वतंत्र भर म्हणजे कोकमाचे तेल. कोकम किंवा भिरंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका असून गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात या आंबट फळाचा उल्लेख ‘ब्रिंडोंइश’ या नावाने केला आहे, ज्यात भिरंड हा शब्द सहज ऐकू येतो. चैत्र-वैशाखात फळे उतरवली की सालींची आमसुले होतात. उरलेल्या बिया धुऊन उन्हात वाळवतात, फोडून कुटतात आणि पाण्यात उकळतात, तेव्हा वर तरंगणारे तेल काढून घेऊन ते गार होताना हाताने त्याचे गोळे वळतात. या घट्ट तेलाला भिरंडेल आणि मुठेल अशी नावे आहेत, आणि दुसऱ्या नावात ते वळणारी मूठ दिसते. ते साधारण ३८ ते ४२ अंशांदरम्यान वितळत असल्यामुळे कोकणच्या उन्हाळ्यातही गोळा घट्ट राहतो. वापरताना तो निखाऱ्याजवळ किंवा दिव्यावर किंचित ऊन करून टाचांच्या भेगांत, उललेल्या ओठांवर आणि फुटलेल्या कातडीवर लावतात. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख राहिलेल्या विल्यम डायमॉक यांनी दोन सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात सिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात कोकमाच्या या तेलाचीही दखल घेतली आहे. फळाची साल स्वयंपाकाला आणि बी त्वचेला, अशी ही काहीही वाया न घालवणारी व्यवस्था प्रामुख्याने घरातल्या बायकांच्या हातांनी चालत आली.

विसाव्या शतकात ही निगा घरातून दुकानात गेली. रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेली व्हॅसलीन, म्हणजे खनिज तेलापासून काढलेले मलम, आणि युरोपातील कोल्ड क्रीम भारतीय शहरांत पोहोचली होती. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ च्या सुमारास अफगाण स्नो हे क्रीम बाजारात आणले, तर कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी १९२९ मध्ये बोरिक आम्ल, झिंक ऑक्साइड आणि लोकरीतून मिळणारे लॅनोलिन यांचे बोरोलीन सुरू केले. ‘स्नो’ या वर्गातील क्रीम मुख्यतः स्टिअरिक आम्ल आणि पाणी यांचे मिश्रण असते. ते त्वचेवर दिसेनासे होते, तेलकटपणा ठेवत नाही, आणि म्हणूनच दमट मुंबईत ते आवडले, पण फुटलेल्या त्वचेवर टिकणारे आवरण देण्यात ते कमी पडते. कोकमाच्या तेलातही स्टिअरिक आम्ल विपुल असते. तेथे ते ओलेइक आम्लाच्या सोबतीने घट्ट स्निग्ध रूपात असल्यामुळे थर बनून राहते. वेष्टनावरच्या नावापेक्षा पदार्थाची घडण पाहणे आवश्यक का असते, हे या एका तुलनेतून स्पष्ट होते.

या सर्व अनुभवामागचे कारण प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय अमेरिकी संशोधक अर्विन ब्लँक यांच्याकडे जाते. त्यांनी १९५२ मध्ये दाखवले की त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा शृंगस्तर पाण्यामुळे लवचीक राहतो. कोरडा पडलेला तुकडा नुसत्या तेलात बुडवून मऊ होत नाही. तेलाचे काम त्या थरातील पाणी उडू न देण्याचे आहे. या प्रकाशात लेप ओला करूनच काढण्याचा आणि मग स्नेह लावण्याचा वाग्भटाचा नियम पुन्हा वाचला, तर ओलसर त्वचेवर स्निग्ध थर देण्याची आजची वैद्यकीय शिफारस त्यात आधीच आलेली दिसते.

बाजाराने स्नेह डबीत भरून सर्वांपर्यंत नेला, हे त्याचे मोठे काम आहे. दुभते नसलेल्या घरालाही त्यामुळे हिवाळ्यात दिलासा मिळाला. मात्र डबीबरोबर विधी आला नाही. कडकडीत पाण्याऐवजी कोमट पाणी, फेसाळ साबणाऐवजी सौम्य स्वच्छता, घासण्याऐवजी टिपणे, आणि चेहरा पूर्ण सुकण्याआधी लावलेला बिनवासाचा स्निग्ध थर, एवढा साधा क्रम पाळला तर मुठेलाचा गोळा, तुपाचे बोट आणि दुकानातील मलम ही तिन्ही आपापले काम करतात. तो मोडला तर महागडे क्रीमही चरचर थांबवू शकत नाही. भेगा चिघळल्या, लाली आणि खाज हटेना, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणेच योग्य. या परंपरेचा खरा ठेवा पदार्थांच्या यादीत जेवढा आहे, त्याहून अधिक तो आधी काय, नंतर काय आणि किती, या जाणिवेत आहे, आणि वेष्टनावर छापून येत नसल्यामुळे ही जाणीव एका पिढीने दुसरीला सांगितली तरच टिकणार आहे.