सोलापूरची कोरडवाहू शेती व मातीचे आरोग्य : मंद्रूप परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शाश्वत शेती आणि मातीचे आरोग्य या विषयावरील अलीकडील लेखनात युरोपातील प्रयोगांचा उल्लेख प्राधान्याने येतो. त्याला कारणही आहे. युरोपीय महासंघाने २०२१ मध्ये मृदाविषयक धोरण जाहीर केले. महासंघाच्या अंदाजानुसार तेथील सुमारे ६० ते ७० टक्के मृदा सुस्थितीत नाही. त्यामुळे आच्छादन पिके, सेंद्रिय कर्ब, कमी मशागत हे शब्द आता आपल्याकडील चर्चासत्रांतही रूढ झाले आहेत. मात्र हा सारा विचार बाहेरून आलेला आहे, ही समजूत निदान सोलापूर जिल्ह्यापुरती तरी टिकत नाही. मातीची धूप, ओलावा आणि खत यांचा एकत्र विचार करणारे संशोधन येथे नव्वद वर्षांपूर्वी सुरू झाले होते.

प्रस्तुत लेखात दक्षिण सोलापूर तालुक्यातील मंद्रूप व भोवतालचा रब्बी पट्टा समोर ठेवून या संशोधनाचा मागोवा घेतला आहे. १९३० च्या दशकात एकसंध म्हणून मांडल्या गेलेल्या पद्धतीचे पुढे दोन तुकडे झाले. बांध शासनाने उचलले आणि खताची जबाबदारी शेतकऱ्यावर राहिली. मातीच्या आजच्या अवस्थेचा विचार करताना हा इतिहास दुर्लक्षिता येत नाही.

मंद्रूपची जमीन

सोलापूरहून विजयपूरकडे जाणारा रस्ता वडकबाळजवळ सीना नदी ओलांडतो, मंद्रूपवरून पुढे जातो आणि टाकळीजवळ भीमेला भिडतो. या दोन नद्यांचा संगम याच तालुक्यात हत्तरसंग-कुडल येथे होतो. मराठीच्या अभ्यासकांना हे स्थळ शके ९४० च्या शिलालेखामुळे परिचित आहे. शेतीच्या अभ्यासकांना ते तितकेच परिचित असावयास हवे, कारण दोन नद्यांमधील हा टापू मराठी-कन्नड सीमेवरील खोल काळ्या जमिनीचा टापू आहे.

या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ओली झाली की ती फुगते, वाळली की तिला खोल भेगा पडतात. पावसाळ्यात तिच्यात औत घालणे कठीण जाते आणि सुरुवातीचा पाऊस बेभरवशाचा असतो. म्हणून खरिपात रान पड ठेवावयाचे, कुळवाच्या पाळ्या द्यावयाच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्वारी पेरावयाची, ही येथील जुनी वहिवाट. पेरणीनंतर पाऊस न झाला तरी पीक जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर निघते. मालदांडी ज्वारीतून १९३० च्या दशकात मोहोळ येथे निवडलेले एम ३५-१ हे वाण याच परिस्थितीला जुळणारे होते. ते आजही शेतकऱ्यांच्या पसंतीस आहे.

या वहिवाटीत एक पेच दडलेला आहे. पावसाचा जोर असतो त्या महिन्यांत रान उघडे असते. ओलावा साठविण्यासाठी जे रान मोकळे ठेवावयाचे, त्याचीच माती पहिल्या मोठ्या सरीबरोबर वाहून जाते. शिवाय काढणीनंतर कडबा जनावरांसाठी घरी येतो आणि शेणाचा बराचसा भाग गोवऱ्यांच्या रूपाने चुलीत जातो. जमिनीला परत मिळते ते फार थोडे. डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर या इंग्लंडमधील कृषिरसायनतज्ज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात नेमके हेच नोंदविले होते. भारतीय शेतकरी अडाणी आहे हा तत्कालीन समज त्याने नाकारला आणि शेण जाळले जाते ते सरपणाच्या अभावी, म्हणून सरपणाची राखीव वने वाढवा, असे सुचविले. या सूचनेची अंमलबजावणी अत्यल्प झाली.

मांजरी ते सोलापूर

मुंबई इलाख्यात कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे व्ही. ए. ताम्हणे यांनी सुरू केले. एन. व्ही. कानिटकर यांनी ते पुढे चालविले. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात कोरडवाहू भागाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आणि त्यानंतर १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे संशोधन केंद्रे उभी राहिली. हगरी, रायचूर आणि रोहतक येथील केंद्रे लगेचच पुढील दोन वर्षांतील आहेत. १८७६ पासूनच्या दुष्काळांनी पोळलेल्या जिल्ह्यात हे केंद्र यावे, हे स्वाभाविकच होते.

येथील कामाचे वैशिष्ट्य मोजणीत आहे. पडणाऱ्या पावसापैकी किती मुरतो, किती वाहून जातो आणि जाताना किती माती नेतो, याची मोजणी सोलापूरच्या रानात होऊ लागली. दुष्काळ म्हणजे पावसाचा अभाव, या सरधोपट समजुतीला त्यामुळे छेद गेला. पडलेला पाऊस जमिनीत राहत नाही, हेही दुष्काळाचे कारण ठरले.

या संशोधनातून ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धती’ आकारास आली. समपातळी बांध, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी व कमी बियाणे, आणि भेगा बुजवून ओल टिकविण्यासाठी तसेच तण काढण्यासाठी वारंवार कोळपणी, असे तिचे स्वरूप होते. यातील कुळवणी-कोळपणी शेतकऱ्याला नवी नव्हती. संशोधकांनी तिला मोजमापाचा आधार दिला. कानिटकरांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही पद्धती सर्वत्र का पसरली नाही? हेक्टरी २०० ते ४०० किलो उत्पादन असलेल्या जमिनीत तिने साधारण १५ ते २० टक्के वाढ दिली. टक्केवारी बरी दिसते, पण धान्याच्या हिशेबाने ही वाढ हेक्टरी पोत्याभराच्या आतबाहेरची. तेवढ्यासाठी जादा मशागत आणि गाड्यांनी शेणखत घालणे बैलजोडी नसलेल्या कुळाला परवडणारे नव्हते. शेतकऱ्याच्या तथाकथित उदासीनतेचे स्पष्टीकरण या आकड्यातच मिळते.

बांध राहिले, खत राहिले नाही

१९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने बांधबंदिस्तीला शासकीय बळ मिळाले. पुढे दुष्काळी कामे म्हटली की ताली घालणे हे समीकरण रूढ झाले. १९७२ च्या दुष्काळात ते अधिकच दृढ झाले. बांधाचे काम मजुरांच्या हाताला रोजगार देते, त्याची लांबी-उंची मोजता येते, त्याचे बिल काढता येते. मातीतील सेंद्रिय द्रव्याचे तसे नाही. ते वर्षानुवर्षे सावकाश वाढते व घटते, आणि हजेरीपटावर येत नाही. अशा रीतीने पद्धतीचा एक भाग सार्वजनिक कार्यक्रम बनला आणि दुसरा खाजगी बाब ठरला. प्रस्तुत लेखकाच्या मते या पद्धतीच्या अपयशाचे मूळ शास्त्रात कमी आणि या विभागणीत अधिक आहे.

बांधांचाही अनुभव सरळ नव्हता. खोल काळ्या जमिनीत समपातळी बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून राहते, वाफसा लांबतो आणि पेरणी खोळंबते. उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडतात व पहिल्या पावसात तो फुटतो. हलक्या व मध्यम जमिनीत उपयुक्त ठरलेला बांध मंद्रूपसारख्या रानात जसाच्या तसा चालत नाही. म्हणून पुढे अशा जमिनींसाठी पाणी हळूहळू बाहेर काढणाऱ्या ढाळीच्या बांधांची शिफारस झाली.

इंदूरचे खत, इंग्लंडची चळवळ

ज्या काळात सोलापुरात ओलावा मोजला जात होता, त्याच सुमारास होळकरांच्या इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड काडीकचरा आणि शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धती बसवीत होते. दोघांचा ग्रंथ १९३१ चा. हॉवर्ड मायदेशी परतले, १९४० मध्ये त्यांचे ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडमधील सेंद्रिय शेतीच्या विचाराला त्यातून मोठी चालना मिळाली. १९४६ मध्ये तेथे सॉइल असोसिएशनची स्थापना झाली. युरोपातील ज्या नवोपक्रमांचे आज आपण कौतुक करतो, त्यांच्या एका मुळाला माळव्याची काळी माती लागलेली आहे. वाड यांचे नाव मात्र त्या कथेत क्वचितच येते.

तथापि युरोपीय उपाय मंद्रूपला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तेथे दोन पिकांच्या मधल्या काळात आच्छादन पीक घेतात, कारण त्या काळातील ओलावा सहसा पुढील पिकाच्या वाट्याचा नसतो. येथे खरिपात उभे केलेले हिरवळीचे पीक रब्बी ज्वारीच्या तोंडचे पाणी पिऊन टाकू शकते. सोलापूर केंद्राने या अडचणीतून निराळी वाट काढली. १९७० नंतर अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती प्रकल्पात सामील झालेल्या या केंद्रावर रब्बी ज्वारीला शेणखत, कडब्याचे अवशेष, सुबाभळीचा पाला आणि युरिया निरनिराळ्या प्रमाणात देऊन दीर्घकालीन प्रयोग झाला. त्याच्या २२ वर्षांच्या निष्कर्षांचा लेख २०१२ मध्ये ‘जिओडर्मा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सेंद्रिय व रासायनिक स्रोतांची सांगड घातल्यास उत्पादन आणि मातीतील कर्ब दोन्ही सावरतात, हे त्यातून स्पष्ट झाले. सुबाभूळ बांधावर वाढविता येते, हे येथे विशेष महत्त्वाचे. १९४२ नंतर फारकत झालेले बांध आणि खत या उपायात पुन्हा एकत्र येऊ शकतात.

नवे पाणी, जुना प्रश्न

१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. त्यानंतर भीमाकाठाने ऊस पसरला आणि कोरडवाहू ज्वारीच्या रानाला बारमाही पाण्याची ओढ लागली. काळ्या जमिनीला निचऱ्याविना पाणी दिल्यास ती चिबड व क्षारपड होते, याची पूर्वसूचना नव्याने शोधावयाची गरज नव्हती. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. कालव्याच्या पाण्याने समृद्धी आली, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही जे ताम्हणे पुढे कोरडवाहू संशोधनाचे प्रवर्तक ठरले, त्यांनीच पाण्याच्या अतिरेकाचाही अभ्यास केला होता, ही बाब नियोजनकारांच्या नजरेतून निसटली.

युरोपातही मातीचा कायदा सहज झाला नाही. २००६ मध्ये मांडलेला मृदा संरक्षणाचा प्रस्ताव काही सदस्य राष्ट्रांच्या विरोधामुळे २०१४ मध्ये मागे घ्यावा लागला. मृदा निरीक्षणाचा कायदा संमत होण्यास २०२५ उजाडले. त्याने शेतकऱ्यांवर थेट बंधने घातलेली नाहीत. मातीची तपासणी ही सदस्य राष्ट्रांची जबाबदारी मानली आहे. तपासावयाच्या बाबींत सेंद्रिय कर्बाबरोबर मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमताही आहे. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी तपासल्या जातात : सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये. मंद्रूपच्या शेतकऱ्याची ज्वारी ज्या ओलाव्यावर येते, तो धरून ठेवण्याची जमिनीची ताकद आणि त्या जमिनीची खोली यांसाठी त्या पत्रिकेत रकाना नाही.